फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन : गंगेच्या माशांचे नामकर्ते

वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत ज्यांचा निर्देश बुकॅनन-हॅमिल्टन असा होतो आणि मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत नुसता हॅमिल्टन असा होतो, त्या गृहस्थांचे निम्मे आयुष्य इतर जीवांना नावे देण्यात गेले. त्यांच्या स्वतःच्या नावाला मात्र स्थैर्य लाभले नाही. फ्रान्सिस बुकॅनन यांचा जन्म स्कॉटलंडमधील पर्थशायर परगण्यात १५ फेब्रुवारी १७६२ रोजी झाला. एडिंबरो येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १७८३ मध्ये पदवी संपादन केली. तेथेच जॉन होप यांच्यापाशी त्यांनी लिनीयसच्या पद्धतीचे वनस्पतिशास्त्र आत्मसात केले. काही वर्षे आशियाकडे जाणाऱ्या जहाजांवर वैद्य म्हणून काढल्यानंतर १७९४ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल वैद्यकीय सेवेत दाखल झाले.

सेवेतील त्यांची वीस वर्षे प्रायः प्रवासात गेली. १७९५ मध्ये ते कंपनीच्या वकिलातीबरोबर ब्रह्मदेशात आवा येथे गेले. तेथून परतल्यावर त्यांची नेमणूक आग्नेय बंगालमधील लक्ष्मीपूर येथे झाली आणि नद्या, खाड्या व तळी यांनी व्यापलेल्या त्या मुलखात त्यांचे लक्ष माशांकडे वळले. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर, १८०० मध्ये, म्हैसूर, कानडा व मलबार या प्रदेशांची पाहणी त्यांच्याकडे सोपविण्यात आली. १८०२-०३ मध्ये ते नेपाळात होते. यानंतर आले ते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम. १८०७ ते १८१४ या सात वर्षांत दिनाजपूर, रंगपूर, पूर्णिया, भागलपूर, पाटणा व गया, शहाबाद आणि गोरखपूर हे जिल्हे त्यांनी पालथे घातले. लोकांचे धर्म, धंदे, शेती व व्यापार यांच्या जोडीला मासेमारीची माहिती गोळा करणेही त्यांच्या कामगिरीत अंतर्भूत होते.

येथे त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो ज्याला इंग्रजीत लोच म्हणतात त्या माशांच्या बाबतीत विशेष स्पष्ट दिसतो. हे मासे बहुधा बोटाएवढे, तोंडाभोवती मिशा असलेले, प्रवाहाच्या तळाशी वाळूत वा दगडगोट्यांच्या आडोशाला राहणारे असतात. खवले इतके बारीक, की पुष्कळदा ते नसल्यासारखेच वाटतात. त्यांतील काहींच्या डोळ्याखाली उभारता येणारा काटा असतो, काहींच्या नसतो. लिनीयसने १७५८ मध्ये युरोपातील अशा माशांना कोबिटिस या एकाच प्रजातीत बसविले होते. बंगालच्या पाण्यात मात्र या माशांचे प्रकार कितीतरी अधिक होते आणि लॅटिन भाषेत त्यांच्यासाठी शब्द नव्हते. परंतु ज्या कोळ्यांच्या जाळ्यांतून ते बाहेर येत, त्यांच्या बोलीत ते होते.

बुकॅनन यांनी ते शब्द उचलले. प्रजातीचे नाव कोबिटिस असे युरोपीय ठेवून त्यापुढे जातीचे नाव म्हणून त्यांनी डारिओ, गुंटिआ, गोंगोटा, पांगिआ, बोटिआ असे शब्द जोडले. हे सारे बंगाल व त्याच्या शेजारच्या प्रदेशांतील बोलींमधून कानावर आलेले, किंचित लॅटिन वळण दिलेले शब्द होत. रोहू, कटला, मृगळ आणि हिलसा हे मासेही शास्त्रात त्याच वाटेने रोहिटा, कटला, म्रिगाला व इलिशा या नावांनी शिरले. आपल्या आश्रयदात्यांची नावे जीवांना देण्याचा प्रघात त्या काळात रूढ असताना परक्या देशातील श्रमिकांचे शब्द शास्त्राच्या भाषेत असे शेकड्यांनी स्वीकारले जाणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

या पद्धतीत दोषही होते. एकाच माशाला दोन ठिकाणी दोन नावे असली, की ते दोन मासे असल्याचा भास होई. डारिओ आणि गेटो या त्यांनी वेगळ्या मानलेल्या दोन जाती आज एकच समजल्या जातात. शब्द आला, पण त्याचा अर्थ बहुधा मागेच राहिला आणि ज्याने तो सांगितला, त्या कोळ्याचे नाव तर कोठेच नोंदले गेले नाही.

१८१४ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग यांच्यानंतर कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाची सूत्रे बुकॅनन यांच्या हाती आली. परंतु प्रकृती ढासळल्यामुळे पुढच्याच वर्षी त्यांनी भारत सोडला. निघताना त्यांच्यावर एक आघात झाला. स्थानिक चित्रकारांकडून त्यांनी काढवून घेतलेली चित्रे ही सरकारची मालमत्ता आहे, असे ठरवून गव्हर्नर जनरल लॉर्ड मॉइरा यांनी ती नेऊ दिली नाहीत. बुकॅनन यांच्या बहुतेक माशांचे मूळ नमुने कोठेही जतन झालेले नाहीत. त्यामुळे लिखित वर्णन आणि चित्र हाच त्यांच्या जातींचा पुरावा होता आणि त्यातला अर्धा कलकत्त्यात अडकून पडला.

मायदेशी त्यांना आईच्या घराण्याची मालमत्ता मिळाली आणि तिच्याबरोबर हॅमिल्टन हे आडनावही आले. या नव्या नावाने १८२२ मध्ये एडिंबरो येथे त्यांचा गंगा व तिच्या शाखांतील माशांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात अडीचशेहून अधिक जातींची वर्णने व ३९ चित्रफलक होते. १५ जून १८२९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या बंगालच्या पाहणीचा वृत्तांत माँटगोमेरी मार्टिन यांनी १८३८ मध्ये तीन खंडांत छापला, तेव्हा शीर्षकपृष्ठावर मूळ लेखकाचे नावदेखील नव्हते.

त्यांनी दिलेली नावे मात्र टिकली. प्राणिनामांच्या नियमांनुसार जातीला प्रथम दिलेले नाव सहसा कायम राहते; वर्गीकरण बदलले, की प्रजातीचे नाव तेवढे बदलते. कोबिटिसचे हॅमिल्टन यांनी वर्णिलेले मासे एकोणिसाव्या शतकापासून वेगवेगळ्या प्रजातींत आणि पुढे वेगवेगळ्या कुलांत विभागले गेले. १८३१ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी बोटिआ हा शब्द एका नव्या प्रजातीसाठी घेतला. डारिओ आज त्या प्रजातीत आहे. परंतु ज्याला हॅमिल्टन यांनी बोटिआ म्हटले होते, तो मासा मात्र पॅराकॅन्थोकोबिटिस या दुसऱ्याच प्रजातीत व निराळ्या कुलात आहे. पांगिआवरून एडवर्ड ब्लाइथ यांनी १८६० मध्ये पांगिओ ही प्रजाती निर्माण केली. दख्खनमध्ये कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा खुद्री, मुसुल्ला आणि लोचांपैकी मूरेह ही मराठी मुलखातील नावे अशाच रीतीने शास्त्रात दाखल झाली.

कलकत्त्यात राहिलेल्या चित्रांचे महत्त्व पुढे सुंदरलाल होरा यांनी ओळखले. लोच माशांचे स्वतः अभ्यासक असलेल्या या भारतीय शास्त्रज्ञाने १९२९ मध्ये हॅमिल्टन यांच्या ग्रंथाला साहाय्यभूत असा प्रबंध प्रसिद्ध करून हस्तलिखिते व चित्रे यांच्या आधारे अनेक संदिग्ध जातींचा उलगडा केला. मॉरिस कॉटेला यांनी २०१२ मध्ये जगातील लोचांची जी सूची सिद्ध केली, तीत हजाराहून अधिक जाती आहेत आणि त्यांत गुंटिआ, गोंगोटा, डारिओ हे शब्द जसेच्या तसे आहेत. बंगालमध्ये गुंटिआला आज गुतुम म्हणतात आणि डारिओला राणी. बोलीतील नावे काळ व प्रदेश यांप्रमाणे बदलत गेली, परंतु दोनशे वर्षांपूर्वीच्या कोळ्यांनी उच्चारलेला शब्द लॅटिनच्या आश्रयाला राहून शाबूत राहिला आहे.