चंबळच्या खोऱ्यात विनोबा

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत भिंड-मुरैन्याचे नाव पूर्वी दबक्या आवाजात निघे. माझे वडील दरबारचे गवई. बैठक लांबली की बाहेरगावचे पाहुणे रात्री वाटेला लागत नसत. उजाडेपर्यंत आमच्या ओसरीवर निजत, असे ते सांगत. ती भीती ठाऊक असल्यानेच विनोबांच्या चरित्रातील एक प्रसंग मला फार मोठा वाटतो.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म १८९५ सालचा, कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचा, शिक्षण बडोद्यास. १९१६ साली मुंबईस परीक्षेला निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरून काशीस गेले आणि त्याच वर्षी गांधीजींना मिळाले. १९५१ पासून ते भूदानासाठी पायी हिंडले. दंगा शमवायला बंदुकीऐवजी सेवेने ओळखीची झालेली माणसे पुढे यावीत, म्हणून १९५७ साली त्यांनी केरळात शांतिसेना उभारली.

पुढे मानसिंगाचा मुलगा तहसीलदारसिंग याने फाशीच्या छायेत, तुरुंगातून त्यांच्या भेटीची इच्छा कळविली. मे १९६० मध्ये विनोबा चंबळच्या मुलखात निःशस्त्र फिरले. वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. कायद्यातून मात्र सुटका नव्हती, खटले चाललेच.

दरोडेखोरांचा गौरव झाला, जिवावर उदार होऊन लढलेल्या शिपायांचा विसर पडला, अशी टीका पोलिसांतून झाली. ती रास्तही होती. दरोडेही लगेच थांबले नाहीत. पण १९७२ साली जयप्रकाशांपुढे त्याच खोऱ्यात शेकडो बागी शरण आले, ते विनोबांनी पाडलेल्या वाटेनेच.

१९८२ साली पवनारला विनोबा निवर्तले. जमिनीचा तंटा आणि सूड यांतून बागी निपजतो. तो तंटा गावातच मिटला, तर ओसरीवरचा पाहुणा रात्रीही निर्धास्त घरी जाईल.