पंडिता रमाबाई : दुःखसहन आणि भाषासंयम

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्राचा विचार बहुधा त्यांचे धर्मांतर आणि त्यावरून उठलेले वादंग यांच्या अनुषंगाने होतो. त्यांच्या ख्रिस्ती जीवनातील आत्मसंयमाचे स्वरूप पाहू गेल्यास दृष्टी त्यांच्या भाषेकडे वळवावी लागते.

तीर्थाटन, उपवास आणि पुराणकथन यांत रमाबाईंचे बालपण गेले. मद्रास इलाख्यातील दुष्काळात आईवडील व थोरली बहीण अन्नावाचून गेली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला. परंतु १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. पदरी तान्ही मनोरमा होती.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि तेथील धर्मगुरूंची आज्ञा त्यांनी निमूटपणे शिरोधार्य मानली नाही. प्रत्येक मताची छाननी स्वतःच्या विवेकबुद्धीने केली. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. तेथे विद्यार्थिनींवरील ख्रिस्ती प्रभावाच्या आक्षेपावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या एकाकीपणातही कार्य खंडित झाले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो स्त्रिया व मुली केडगावी आणल्या. स्वतः भोगलेली भूक त्यांच्या ठायी अशी कर्तव्यरूप झाली.

या संयमाची कठोर कसोटी बायबलच्या भाषांतरात लागली. त्यासाठी त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. संस्कृत ही ज्यांची बालपणापासूनची विद्या, त्या रमाबाईंनी येथे संस्कृतप्रचुर शब्दकळा कटाक्षाने टाळली. अल्पशिक्षित स्त्रीला उमगेल अशी मराठी त्यांना हवी होती. ज्या विद्वत्तेने कीर्ती दिली तिचे प्रदर्शन वर्षानुवर्षे, ओळीओळीत आवरणे, हे उपवासाहून सोपे व्रत नव्हे. जुळणी व छपाई मुक्ती सदनातील स्त्रियांनीच केली. उत्तरायुष्यात रमाबाईंना बहिरेपण आले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

ख्रिस्ती मंडळ्यांत बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले. परंतु दुःखसहन म्हणजे दुःखापुढे मान तुकविणे नव्हे, हे रमाबाईंच्या चरित्रातून निष्पन्न होते. आणि त्याचा भाषिक पुरावा या गद्यात आहे.