बटाट्यातला शोध आणि त्वचेचे वय

चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवण्यासाठी आज बाजारात अँटिऑक्सिडंट क्रीमची रीघ आहे. या विषयाच्या मुळाशी असलेल्या पेशीच्या श्वसनावर एका मराठी संशोधिकेने ८५ वर्षांपूर्वीच मोलाचे काम केले होते. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

माहेरच्या त्या भागवत. जन्म १९११, इंदूर. वडील आणि काका रसायनशास्त्रज्ञ, तर थोरली बहीण पुढे नावारूपाला आलेल्या लेखिका दुर्गा भागवत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहू, या अटीवर प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला.

पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असल्याचे दाखवले. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

अन्नापासून ऊर्जा तयार होताना पेशीत इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात दिले जातात. सायटोक्रोम सी हा त्या साखळीतला एक हात. वाटेत काही इलेक्ट्रॉन निसटतात, प्राणवायूला चिकटतात आणि फ्री रॅडिकल तयार होतात. वार्धक्याचा संबंध या कणांशी असावा, असे डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडले. त्वचेत उन्हातील अतिनील किरणांमुळे हे कण आणखी वाढतात. मग त्वचेला ताठ ठेवणारे कोलॅजन तुटते, सुरकुत्या आणि डाग पडतात. निमोणे परिसरात भर उन्हात कांदा काढणाऱ्यांचा चेहरा लवकर रापतो, त्याचे कारण हेच. तंबाखूचा धूरही हीच हानी करतो.

भारतात परतल्यावर कमलाबाईंनी दिल्लीत अध्यापन आणि कुन्नूरला जीवनसत्त्वांवर संशोधन केले. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा तपासली. तिच्यात क जीवनसत्त्व आणि लोह आढळले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांना तिचा उपयोग होतो, हे त्यांनी दाखवून दिले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

गरिबाला परवडेल अशा अन्नात पोषण शोधणे हा त्यांच्या कामाचा गाभा होता. त्वचेच्या बाबतीतही तोच धडा लागू पडतो. क जीवनसत्त्व कोलॅजन तयार होण्यासाठी लागते आणि फ्री रॅडिकलनाही आवर घालते. ते आवळा, पेरू, लिंबू आणि शेवग्याच्या पाल्यातून सहज मिळते. गोळ्यांनी वार्धक्य थांबते, असे सिद्ध झालेले नाही. उलट, धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसले. म्हणून मनाने गोळ्या घेऊ नयेत. दुपारच्या उन्हात डोक्यावर टोपी किंवा पदर, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, तंबाखूला नकार आणि ताटात रोज एखादे फळ, एवढे सांभाळले तर त्वचेचे बरेचसे रक्षण होते. एखादा डाग वाढत असेल किंवा जखम महिनाभरात भरत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.