पाऊस आणि नदी यांचा हिशेब : विश्वेश्वरय्या

पाऊस किती झाला हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचायला मिळते. पण त्यातला नदीला किती मिळाला? प्रश्न साधा वाटतो. मात्र धरण बांधणाऱ्याची सारी परीक्षा याच प्रश्नावर होते. ही परीक्षा आयुष्यभर देत राहिलेला एक थोर अभियंता आपल्या पुण्यात शिकला आणि पुण्यात नोकरीलाही होता. त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपण अभियंता दिन म्हणून पाळतो. वडिलांचे छत्र लवकर हरपले. शिकवण्या करून ते बंगळूरला शिकले आणि १८८१ साली बी. ए. झाले. पुढे संस्थानची शिष्यवृत्ती मिळाल्याने ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. १८८३ च्या अभियांत्रिकी परीक्षेत त्यांचा पहिला क्रमांक आला. १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले.

पुण्यात त्यांची गाठ मुठेशी पडली. मुठा सह्याद्रीत उगम पावते. तिकडे पाऊस धो धो कोसळतो, तर पुणे शहरात वर्षाकाठी सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटरच पडतो. म्हणून शहरातले आभाळ पाहून मुठेचा पूर ओळखता येत नाही. खडकवासल्याचा तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि पुढे उन्हाळ्यात पाण्याची चणचण भासे. सांडवा कायमचा उंच करावा, तर मोठ्या पुरात धरणाला धोका! विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीवर गेले की ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला की मिटत. त्यामुळे सुमारे आठ फूट अधिक पाणी साठवता आले.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे दगावली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांनी पावसाचे आकडे तपासलेच, शिवाय ते पाणी कोणकोणत्या वाटेने शहरात आले याचाही शोध घेतला. शहराच्या वरच्या अंगाला ८६२ चौरस मैलांचे पाणलोट क्षेत्र होते आणि त्यात ७८८ तळी होती. त्यांपैकी २२१ तळी फुटली होती. म्हणजे त्या दिवशीच्या पावसात आधी साठलेले पाणीही येऊन मिळाले! शहराच्या वर मोठे जलाशय बांधून पूर अडवावा, असे त्यांनी सुचवले. त्यातूनच १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाले.

माझे वडील शेतकरी आहेत. पहिल्या दोन-तीन पावसांत ओढा वाहत नाही, तापलेली जमीनच ते पाणी पिऊन टाकते, हे आमच्या गावात कुणाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पण जमीन नेमके किती पिते, हा आकडा गावाजवळ नसतो. तो अभियंत्यांनी काढला. इंग्लिस आणि डिसूझा यांनी १९२९ साली पश्चिम भारतातील ५३ ठिकाणच्या मोजण्यांवरून घाटासाठी एक आणि पठारासाठी दुसरे अशी सूत्रे बसवली. त्यांप्रमाणे घाटात २५० सेंटिमीटर पाऊस झाला तर १८२ सेंटिमीटर पाणी नदीला मिळते. पठारावर मात्र ६० सेंटिमीटरमधून जेमतेम १०! दुष्काळी तालुक्यातला ओढा का आटतो आणि मुठा का फुगते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

विश्वेश्वरय्या पुढे म्हैसूरचे दिवाण झाले. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. ते शंभरीच्या घरात असताना, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे अपुरे धरण पहिल्याच पावसाळ्यात फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही. नारायण पेठेत आणि नदीकाठच्या इतर पेठांत घरेच्या घरे कोसळली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, विश्वेश्वरय्यांचे निधन झाले.

ते गेले, पण त्यांनी घालून दिलेली शिस्त आपल्याला सोडून चालणार नाही. आपण कला शाखेचे विद्यार्थी, धरणे काही बांधणार नाही. तरीही नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाने आपल्या अंगणातल्या पावसाबरोबर घाटातला पाऊस आणि धरणाची पातळीही पाहायला शिकले पाहिजे.