माधव जूलियन : दोन भाषांचे छंदशास्त्री

विद्यार्थी मित्रांनो, गजल तुम्ही पुष्कळदा ऐकली असेल. शेर म्हणजे काय, काफिया कोणता, रदीफ कोणता, हे उर्दूच्या तासाला तुम्ही शिकता. मग मराठीच्या तासाला यमक, वृत्त, गण, मात्रा असे शब्द कानांवर पडतात. तुम्हांला वाटते, ही तर सगळी नवीच नावे! आता ती पाठ करायची कशी?

अशा वेळी तुम्ही एका कवीची ओळख करून घ्या. हे कवी महाविद्यालयात फारसी शिकवत आणि मराठीत कविता लिहीत. दोन्ही भाषांच्या कवितेचे नियम त्यांनी बारकाईने अभ्यासले होते. त्यांचे नाव माधव त्र्यंबक पटवर्धन. मराठी वाचक त्यांना 'माधव जूलियन' या नावाने ओळखतात. कवी जे दुसरे नाव घेतो, त्याला उर्दूत तखल्लुस म्हणतात. मराठीत त्याला टोपणनाव म्हणतात. पाहा, एक शब्द तर तुम्हांला आताच समजला!

माधवरावांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोदे येथे झाला. फारसी आणि इंग्रजी या भाषांची त्यांना विशेष गोडी होती. एम. ए. झाल्यावर १९१८ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फारसी शिकवू लागले. पुण्यातच १९२३ साली काही तरुण कवींनी 'रविकिरण मंडळ' स्थापन केले. कवी यशवंत, कवी गिरीश आणि माधवराव हे त्या मंडळातले प्रमुख कवी होते. हे कवी एकत्र जमत, एकमेकांच्या कविता ऐकत आणि लोकांपुढे जाऊन कविता म्हणून दाखवत. मुशायऱ्यात कवी आणि श्रोते समोरासमोर येतात, तसेच हे होते. कविता केवळ डोळ्यांनी वाचायची वस्तू नाही, ती कानांनी ऐकायची आहे, हे त्यामुळे लोकांना पटले.

१९२४ साली माधवरावांचे फर्ग्युसन महाविद्यालयातील काम सुटले. पुढची काही वर्षे अडचणीची होती. पण नोकरी सुटली तरी त्यांची लेखणी सुटली नाही. त्यांची मोठी कामे याच काळात प्रसिद्ध झाली. १९२५ साली त्यांचा 'फारसी-मराठी कोश' पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केला. शिवकाल आणि पेशवाई यांतील जुनी मराठी कागदपत्रे फारसी शब्दांनी भरलेली आहेत. ती वाचणाऱ्यांना हा कोश फार उपयोगी पडला. १९२६ साली त्यांचे 'विरहतरंग' हे खंडकाव्य आले. एखादी कथा सांगणारी दीर्घ कविता म्हणजे खंडकाव्य. तुमच्या ओळखीची मसनवीही कथा सांगते. मात्र मसनवीत दर दोन ओळींना नवा काफिया लागतो. खंडकाव्याला असा ठरलेला नियम नाही.

१९२७ साली त्यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ आला. मराठी कविता कोणकोणत्या चालींवर लिहिली जाते, हे त्यांनी त्यात नीट लावून दाखवले. पद्याचे त्यांनी तीन प्रकार मानले. ओळीतील फक्त अक्षरे मोजली, तर तो छंद. अक्षरे उच्चारायला लागणारा वेळ, म्हणजे मात्रा मोजल्या, तर ती जाती. आणि आखूड व लांब अक्षरांचा क्रम ठरलेला असला, तर ते वृत्त. आखूड अक्षराला लघू म्हणतात, लांब अक्षराला गुरू म्हणतात. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन मात्रा धरतात.

आता तुम्हीच एक प्रयोग करा. उर्दू कवितेत 'फऊलुन' हा रुक्न असतो. तो हळूहळू उच्चारा. पहिले 'फ' आखूड आहे. 'ऊ' लांब आहे. शेवटचे 'लुन'ही लांब आहे. म्हणजे लघू, गुरू, गुरू. मराठीत तीन अक्षरांच्या अशा गटाला गण म्हणतात आणि लघू, गुरू, गुरू या क्रमाच्या गटाला 'य' गण म्हणतात. 'फऊलुन' चार वेळा म्हटले, की मुतकारिब नावाची बहर तयार होते. 'य' गण चार वेळा आला, की भुजंगप्रयात नावाचे वृत्त तयार होते. चाल तीच, फक्त नावे दोन! समर्थ रामदासांचे 'मनाचे श्लोक' भुजंगप्रयात वृत्तात आहेत. फिरदौसीचा 'शाहनामा' मुतकारिब बहरेत आहे; फक्त त्यात ओळीतला शेवटचा रुक्न थोडा आखूड असतो. महाराष्ट्रातले संत आणि इराणचे महाकवी एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण त्यांच्या ओळी जवळजवळ एकाच तालावर चालतात.

सगळ्याच गोष्टी मात्र अशा जुळत नाहीत. उर्दू कविता वाचताना काही ठिकाणी लांब स्वर आखूड करून वाचतात. मराठी वृत्तात गुरू अक्षर सहसा गुरूच राहते. म्हणून दोन्ही भाषांतले शब्द शेजारी ठेवताना साम्य पाहावे, तसा फरकही पाहावा. माधवरावांचा अभ्यास असाच दोन्ही बाजूंनी होता.

१९२८ साली ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापक झाले. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फारसीवरून मराठीत आणल्या. रुबाई चार ओळींची असते. तिच्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचा काफिया जुळतो. तिसरी ओळ बहुधा मोकळी असते. १९३३ साली त्यांचा 'गज्जलांजलि' हा संग्रह आला. गजल मराठीत रुजवण्याचा हा मोठा प्रयत्न होता. समजा, एका शेराच्या शेवटी 'दारी आहे' असे शब्द आले, दुसऱ्याच्या शेवटी 'सारी आहे' आणि तिसऱ्याच्या शेवटी 'भारी आहे' असे आले. यात 'दारी, सारी, भारी' हा काफिया. तो मराठीतल्या यमकासारखा आहे. 'आहे' हा शब्द तसाच राहतो, तो रदीफ. उर्दू गजलेत प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. माधवरावांच्या पुष्कळ गजला मात्र एकाच विषयावर सलग चालतात. गजलेचे नियम काटेकोरपणे पाळून ती मराठी घराघरांत पोचवण्याचे काम पुढे सुरेश भट यांनी केले.

१९३६ साली जळगाव येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे माधवराव अध्यक्ष झाले. 'छंदोरचना' हा ग्रंथ त्यांनी पुन्हा वाढवून लिहिला आणि त्यासाठी १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली.

आता एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवणे बरोबर नाही. उतरत्या काळात माधवरावांचे मत बदलले. मराठीत आलेले फारसी, अरबी आणि इंग्रजी शब्द शक्य तेथे काढून टाकावेत, असे त्यांना वाटू लागले. वि. दा. सावरकर यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीला त्यांनी पाठिंबा दिला आणि 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तक लिहिले. ज्यांनी फारसीचा कोश केला, त्यांनीच असे म्हणावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. कदाचित वाईटही वाटेल. तेव्हाही अनेकांना हे मत पटले नव्हते. मोठ्या माणसाचे प्रत्येक मत आपण मानलेच पाहिजे असे नाही. त्याने केलेले काम मात्र समजून घेतले पाहिजे. कागद, दुकान, जमीन, हजर हे शब्द आजही मराठीत आहेत. आणि माधवरावांनी जिला मराठीत जागा दिली, ती गजलही आपल्या मूळ नावानेच मराठीत राहिली आहे.

२९ नोव्हेंबर १९३९ रोजी माधवरावांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते.

मित्रांनो, पुढच्या वेळी मराठीच्या पुस्तकात यमक, गण किंवा वृत्त असा शब्द आला, तर घाबरू नका. त्याची व्याख्या पाठ करण्याआधी कविता मोठ्याने म्हणा. कोणता आवाज परत येतो, कोठे ओळ थांबते, कोणते अक्षर लांब होते, ते ऐका. मग स्वतःला विचारा, उर्दूत याला काय म्हणतात? पुष्कळदा तुम्हांला आढळेल, की ती वस्तू तुमच्या ओळखीचीच आहे. तिचे दुसरे नाव तेवढे तुम्ही आज शिकत आहात.

स्वाध्याय

१. 'छंदोरचना' या ग्रंथात पद्याचे कोणते तीन प्रकार सांगितले आहेत?
२. भुजंगप्रयात वृत्त आणि मुतकारिब बहर यांत कोणते साम्य आहे?
३. तुमच्या आवडीच्या एका गजलेतील काफिया आणि रदीफ ओळखा व मराठीत लिहा.
४. परभाषेतून आलेले शब्द भाषेत ठेवावेत की काढावेत? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.