आंतोनियो दे तोरेस हुरादो

आंतोनियो दे तोरेस हुरादो (जन्म : ला कान्यादा दे सान उर्बानो, आल्मेरिया, १३ जून १८१७, - आल्मेरिया, १९ नोव्हेंबर १८९२) हे एकोणिसाव्या शतकातील स्पॅनिश गिटारनिर्माते होते. आज अभिजात गिटार आणि फ्लामेंको गिटार या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन्ही वाद्यांचा आकार, तबलीची बांधणी आणि तारा बांधण्याच्या घोडीचे रूप मुख्यतः तोरेस यांच्या कामातून स्थिर झाले. त्यांच्यापूर्वीची गिटार आकाराने लहान व आवाजाने नाजूक होती. त्यांच्यानंतर ती मोठ्या सभागृहात एकट्याने वाजवता येईल असे वाद्य बनली. असे असूनही तोरेस यांचे बहुतेक आयुष्य आर्थिक ओढाताणीत गेले आणि काही वर्षे त्यांना गिटार बनवण्याचे काम सोडून दुकानदारी करावी लागली.

बालपण आणि उमेदवारी

तोरेस यांचा जन्म स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसिया प्रांतात, आल्मेरिया शहराजवळच्या एका वस्तीत झाला. त्यांचे वडील हुआन तोरेस हे करवसुली करीत. वयाच्या बाराव्या वर्षी आंतोनियो एका सुताराकडे उमेदवारीला लागले. लाकडाची जात, धार, सांधा आणि सरस यांची जाण त्यांना तेथेच आली.

१८३३ मध्ये स्पेनमध्ये गादीच्या वारसावरून युद्ध पेटले आणि तरुणांची सक्तीने सैन्यभरती सुरू झाली. तोरेस यांनाही बोलावणे आले. परंतु वडिलांच्या खटपटीमुळे शारीरिक दुर्बलतेच्या कारणावरून त्यांची सुटका झाली. भरतीची टांगती तलवार मात्र कायम होती. अविवाहित पुरुष आणि मुले नसलेले विधुर यांनाच सैन्यात घेतले जात असल्यामुळे कुटुंबाने १८३५ मध्ये घाईने त्यांचा विवाह उरकला. वधू हुआना मारिया लोपेस ही एका दुकानदाराची अवघी तेरा वर्षांची मुलगी होती. पुढील सात वर्षांत त्यांना तीन मुली झाल्या. त्यांपैकी दोन मुली लहानपणीच दगावल्या आणि १८४५ मध्ये हुआना मारिया यांचेही वयाच्या तेविसाव्या वर्षी क्षयरोगाने निधन झाले. या काळात तोरेस सतत कर्जात होते आणि अधिक मिळकतीच्या कामाच्या शोधात होते.

सेव्हियातील कारकीर्द

तोरेस गिटार बनवण्यास नेमके कोणाकडे शिकले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. १८४२ च्या सुमारास ते ग्रानादा येथील होसे पेर्नास यांच्या कार्यशाळेत होते, असे एक मत आहे. पुढे सेव्हिया येथे त्यांनी मानुएल दे सोतो इ सोलारेस या गिटारनिर्मात्यासोबत सेराहेरिया गल्लीत जागा घेऊन काम सुरू केले. त्या गल्लीत त्या काळी गिटार बनवणाऱ्यांची वस्ती होती.

सुरुवातीला गिटार हा त्यांच्या सुतारकामाचा केवळ एक भाग होता. १८५० च्या दशकात त्यांचा परिचय हुलियान आर्कास (१८३२ - १८८२) या प्रसिद्ध वादक व रचनाकाराशी झाला. आर्कास हेही आल्मेरिया प्रांतातलेच होते. त्यांच्या सल्ल्यावरून तोरेस यांनी गिटारनिर्मिती हाच पूर्णवेळ व्यवसाय केला. १८५६ मध्ये बनवलेली ‘ला लेओना’ म्हणजे ‘सिंहीण’ ही गिटार त्यांच्या आरंभीच्या उत्कृष्ट वाद्यांपैकी मानली जाते. १८५८ मध्ये सेव्हिया येथील प्रदर्शनात त्यांच्या एका नक्षीदार गिटारीला कांस्यपदक मिळाले.

तबलीचा विचार

गिटारीचा आवाज प्रामुख्याने तिच्या तबलीतून, म्हणजे समोरच्या पातळ फळीतून निर्माण होतो, असे तोरेस यांचे मत होते. आवाज वाढवण्यासाठी त्यांनी वाद्याचे अंग मोठे केले आणि तबली अधिक पातळ व हलकी ठेवली. पातळ फळी तारांच्या ओढीने वाकण्याचा धोका असतो. म्हणून त्यांनी तबलीला दोन्ही दिशांनी किंचित फुगवटा दिला आणि आतून पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेल्या लाकडी पट्ट्यांचा आधार दिला. अशा पट्ट्या त्यांच्यापूर्वीही काही कारागीर वापरीत. परंतु त्यांची सममित व भूमितीबद्ध मांडणी तोरेस यांनी पूर्णत्वाला नेली. तारेची सुमारे ६५० मिलिमीटर ही लांबीही त्यांच्या वाद्यांमुळे रूढ झाली.

आपले मत सिद्ध करण्यासाठी १८६२ मध्ये त्यांनी एक गिटार अशी बनवली की जिची तबली नेहमीप्रमाणे लाकडाची, पण पाठ आणि कडा पुठ्ठ्याच्या होत्या. ही गिटार आज बार्सिलोना येथील संगीत संग्रहालयात आहे.

घोडी आणि तारांची बांधणी

सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या तारा वाद्याच्या बुडाशी अडकवलेल्या असतात आणि घोडी त्यांचा केवळ खाली येणारा दाब सोसते. गिटारीची घोडी मात्र तबलीवर सरसाने चिकटवलेली असते व तारा तिलाच बांधलेल्या असतात. त्यामुळे सहा तारांची सगळी ओढ, आजच्या वाद्यात सुमारे ४० किलोग्रॅम, त्या एका सांध्यावर येते.

जुन्या गिटारींमध्ये तारा बहुधा थेट घोडीला बांधल्या जात. काही वाद्यांत त्या लाकडी खुंट्यांनी भोकात दाबून बसवलेल्या असत. तोरेस यांच्या वाद्यांत घोडीचे दोन भाग स्पष्ट दिसतात : तारा ज्यावरून जातात ती हाडाची सुटी पट्टी आणि तिच्यामागे आडवी भोके असलेला, तारा बांधण्याचा लाकडी ठोकळा. पट्टी सुटी असल्यामुळे ती घासून तारांची उंची कमीजास्त करता येते. नायलॉनच्या तारा लावल्या जाणाऱ्या गिटारींची घोडी आजही बहुतांशी याच पद्धतीची असते.

तोरेस यांच्या काळी वरच्या तीन तारा प्राण्यांच्या आतड्यापासून काढलेल्या तातेच्या आणि खालच्या तीन रेशमी गाभ्यावर धातूचा तलम तार गुंडाळलेल्या असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी तातेची मागणी वाढली आणि वादकांना ती मिळेनाशी झाली. १९४० च्या दशकात न्यू यॉर्कमधील गिटारनिर्माते आल्बर्ट ऑगस्टिन यांनी आंद्रेस सेगोव्हिया यांच्या प्रोत्साहनाने नायलॉनच्या तारा तयार केल्या. तारांचे द्रव्य बदलले, पण घोडी तीच राहिली. नायलॉन तातेपेक्षा गुळगुळीत असल्यामुळे गाठ सुटण्याचा धोका वाढला आणि बांधणीत अधिक काळजी घ्यावी लागली.

तार बांधताना तिचे टोक पट्टीच्या बाजूने ठोकळ्याच्या भोकातून घालून मागे सुमारे ८ ते १० सेंटिमीटर बाहेर काढतात. ते ठोकळ्यावरून पुढे आणून मूळ तारेखालून घेतात व पुन्हा मागे नेऊन ठोकळ्यावर तयार झालेल्या फाशाखालून ओवतात. खालच्या गुंडाळलेल्या तारांना असा एक वेढा पुरतो. वरच्या गुळगुळीत तारांना दोन किंवा तीन वेढे द्यावे लागतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवटचा वेढा ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठावर न राहता मागच्या कडेच्या खाली गेला पाहिजे. तसे झाले की तार जितकी ताणावी तितके तिचे टोक लाकडावर घट्ट दाबले जाते. तो वेढा वरच राहिला तर तार हळूहळू सरकते आणि अचानक सुटल्यास तिच्या फटकाऱ्याने मऊ लाकडाच्या तबलीवर खोल व्रण उमटतो. पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेच्या बाबतीत हा धोका सर्वाधिक असतो. म्हणून काही वादक तिच्या टोकाला एक लहान गाठ मारून ठेवतात.

फ्लामेंको गिटारीत तारा तबलीच्या अधिक जवळ असतात, त्यामुळे घोडी बुटकी असते. फासा मूळ तारेला वर उचलून धरतो आणि पट्टीवरून खाली वळणाऱ्या तारेचा कोन कमी होतो. कोन फार कमी झाला तर तार पट्टीवर नीट दाबली जात नाही आणि आवाज पोकळ येतो. यावर उपाय म्हणून अलीकडे सहाऐवजी बारा भोकांच्या घोड्या वापरल्या जातात. त्यांत फाशासाठी वेगळे भोक असल्याने तार ठोकळ्यातून सरळ व खालून निघते.

फ्लामेंकोशी संबंध

तोरेस यांच्या हयातीत अभिजात आणि फ्लामेंको अशी गिटारींची विभागणी झालेली नव्हती. फरक होता तो किमतीचा. श्रीमंत ग्राहकांसाठी ते परदेशातून येणारे शिसवी जातीचे महाग लाकूड वापरीत, तर सामान्य ग्राहकांसाठी स्पेनमध्येच मिळणारे स्वस्त सायप्रस वापरीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंदालुसियातील गाणे-नाचाच्या कॅफेंमध्ये साथ करणाऱ्या वादकांना परवडणारी गिटार सायप्रसचीच होती. तिचा हलका, तीक्ष्ण व झटपट उमटणारा आवाज नर्तकांच्या पदन्यासातून आणि टाळ्यांतूनही ऐकू जाई. पुढे हेच गुण फ्लामेंको गिटारीची ओळख ठरले. गरजेपोटी निवडलेल्या लाकडातून अशा रीतीने एक स्वतंत्र वाद्यप्रकार रूढ झाला.

तारेगा यांची भेट

१८६८ मध्ये तोरेस यांनी होसेफा मार्तिन रोसादो यांच्याशी दुसरा विवाह केला. त्यानंतर लवकरच फ्रान्सिस्को तारेगा (१८५२ - १९०९) हे तरुण वादक त्यांच्याकडे गिटार विकत घेण्यासाठी आले. तोरेस यांनी प्रथम त्यांना दुकानातील एक साधी गिटार दाखवली. तारेगा यांचे वादन ऐकल्यावर मात्र १८६४ मध्ये स्वतःसाठी बनवून ठेवलेली गिटार त्यांनी तारेगा यांना दिली. तारेगा यांनी ती अनेक वर्षे वाजवली. त्यांच्यामुळे आणि पुढे त्यांचे शिष्य मिगेल योबेत यांच्यामुळे तोरेस यांच्या वाद्यांची कीर्ती स्पेनबाहेर पसरली.

दुकानदारी आणि दुसरा कालखंड

कीर्ती वाढत होती, पण मिळकत पुरेशी नव्हती. १८७० च्या सुमारास तोरेस यांनी सेव्हियातील कार्यशाळा बंद केली आणि आल्मेरियाला परतून पत्नीसह चिनी मातीच्या व काचेच्या भांड्यांचे दुकान काढले. सुमारे पाच वर्षे त्यांनी गिटारनिर्मिती जवळजवळ थांबवली होती. १८७५ च्या सुमारास दुकान सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी पुन्हा काम सुरू केले. या वाद्यांच्या आतील चिठ्ठीवर त्यांनी ‘दुसरा कालखंड’ अशी नोंद करण्यास सुरुवात केली. १८८३ मध्ये होसेफा यांचे निधन झाल्यावर ते गिटारीकडे अधिक वेळ देऊ लागले व अखेरपर्यंत वर्षाला सुमारे १२ गिटारी बनवत राहिले.

वृद्धापकाळी हात थरथरू लागल्यावर नाजूक कामांत हुआन मार्तिनेस सिर्वेंत हे तरुण परिचित त्यांना मदत करीत. सिर्वेंत पुढे धर्मगुरू झाले. त्यांनी नंतर लिहून ठेवलेल्या आठवणीनुसार, तोरेस कोणतीही युक्ती लपवून ठेवीत नसत. मात्र आपले खरे कौशल्य अंगठा आणि तर्जनी यांच्या स्पर्शात आहे व तबली किती पातळ करावी हे बोटेच सांगतात, त्यामुळे ते दुसऱ्याला देता येणार नाही, असे ते म्हणत.

मृत्यू आणि वारसा

तोरेस यांचे १९ नोव्हेंबर १८९२ रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी निधन झाले. त्यांनी शिष्यपरंपरा किंवा कार्यशाळा मागे ठेवली नाही. तरीही माद्रिदमधील मानुएल रामिरेस, सांतोस एर्नांदेस इत्यादी पुढच्या पिढीतील कारागिरांनी त्यांच्या वाद्यांची मापे घेऊन तीच पद्धत पुढे नेली. विसाव्या शतकात गिटारनिर्माते होसे लुईस रोमानियोस यांनी त्यांचे सविस्तर चरित्र लिहिले आणि उपलब्ध वाद्यांची सूची तयार केली. तोरेस यांनी बनवलेल्या गिटारींपैकी थोड्याच आज शिल्लक आहेत. त्या संग्रहालयांत व खासगी संग्रहांत जतन केलेल्या असून काहींवर आजही वादन व ध्वनिमुद्रण केले जाते.