जावजींचे अक्षर

पिपरी मेघेच्या आमच्या घरात वडिलांचा निर्णयसागरचा अमरकोश आहे. पान उलटले की कडेचा तुकडा हातात येतो; अक्षर मात्र अजून काळेभोर. पस्तीस वर्षे बँकेत सह्या पडताळल्या, त्यामुळे मजकुराआधी अक्षर न्याहाळायची खोड जडली. त्या खोडीनेच मला जावजी दादाजी चौधरींपाशी नेले.

जावजींचा जन्म १८३९ चा, मुंबईतला. घरची गरिबी. शाळेत जायच्या वयात, दहाव्या वर्षी, ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागले. तिथे टॉमस ग्रॅहॅम यांच्या देखरेखीखाली देवनागरी टाइप घडत. पोरगे घासता घासता शिकले. पुढे टाइम्स, इंदुप्रकाश, ओरिएंटल अशा छापखान्यांत हात बसवून १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना.

काम किती किचकट! पोलादावर अक्षर उलटे कोरायचे, त्याचा ठसा तांब्यावर उठवून साचा करायचा आणि त्यात शिशाचा रस ओतायचा. इंग्रजीचे सव्वीस अक्षरांत भागते. आपल्या काना-मात्रांना आणि जोडाक्षरांना शेकडो खिळे लागतात. कोरण्याचे कसब होते राणोजी रावजी आरू यांचे. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या जावजींच्या छापखान्यातून १८८६ पासून काव्यमाला निघू लागली आणि शुद्ध, सुबक संस्कृत छपाई म्हणजे निर्णयसागर, असा लौकिक झाला. ५ एप्रिल १८९२ रोजी जावजी गेले.

शिशाचे खिळे गेले, संगणक आला. मला वाटले, हे वळणही संपले. पण कॅनडातल्या टिरो टाइपवर्क्सने निर्णयसागरच्या वळणावरून टिरो देवनागरी हा फॉन्ट घडवला. तो आज मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन रूपांत फुकट मिळतो. मराठी रूपात आपला ल आहे, आपला श आहे. बाब लहान वाटेल. पण सह्या पडताळणाऱ्याला विचारा. एका वळणावरून माणूस ओळखू येतो.

परवा नातीने तो फॉन्ट संगणकावर उतरवून घेतला. अमरकोश शेजारी ठेवून आम्ही एकेक अक्षर ताडून पाहिले. पुस्तकाच्या पहिल्या पानावर जावजींचे चिरंजीव तुकाराम जावजी यांचे नाव आहे. आरूंचे कुठेच नाही. नातीला मी पहिल्यांदा तेच नाव लिहायला लावले.